पुस्तकच भारी होतं!

"मस्त आहे रे, पण पुस्तकच भारी होतं!" हे वाक्य मी आजवर किती वेळा टाकलं असेल, याचा हिशोब नाही. पिक्चर असो की मालिका, शेवटची नावं पडद्यावर सरकायला लागली की हे वाक्य तयार. त्याचा फायदा असा, की ते कधी चुकत नाही. समोरच्याने पुस्तक वाचलेलं नसतं, त्यामुळे तो गप्प बसतो, आणि आपण फुकटात वाचनवेडे ठरतो.

गेल्या सबमिशनच्या आठवड्यात मात्र घात झाला. रात्रीचे दोन वाजलेले, जर्नल्स अर्धवट, आणि रूमवर एका लॅपटॉपभोवती सहा डोकी. जागं राहायचं म्हणून कुणीतरी 'मालगुडी डेज' लावलं. ती ओळखीची धून वाजली, स्वामी आला, मणी आला, राजम आला... आणि जर्नल्स राहिली बाजूला. भाग संपला आणि सवयीप्रमाणे माझ्या तोंडून निघालं, "पण पुस्तकच भारी!"

माझा रूम पार्टनर नांदेडचा. तो कमी बोलतो, पण बोलला की एक्स्टर्नल व्हायवा घेतल्यासारखा बोलतो. त्याने शांतपणे विचारलं, "पुस्तकात शेवट काय आहे रे?"

मी गार. थोडा वेळ गेल्यावर म्हणालो, "शाळेत धडा होता आम्हाला."

"धडा म्हणजे पुस्तक?"

बाकीचे चौघे जे हसले, ते सबमिशन संपेपर्यंत हसत होते. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला. मी न वाचलेल्या पुस्तकाच्या बाजूने भांडत होतो! मग विचार केला, आपण इंजिनिअरिंगला आहोत, निदान रीडिंग न घेता रिझल्ट तरी लिहू नये. (जर्नलमध्ये आपण काय करतो, तो विषय वेगळा!) म्हणून परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी काही पुस्तकं वाचली आणि त्यांच्या मालिका पाहिल्या. त्यातून तयार झालेलं माझं मत, म्हणजे हा लेख.

प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या फिरून फिरून तीनच असतात. एक, "तो असा दिसत नाही." दोन, "किती कापलंय!" किंवा "किती वाढवलंय!" आणि तीन, "लेखकाला हे म्हणायचंच नव्हतं."

आधी पहिली घेऊ. वाचताना प्रत्येकाच्या डोक्यात एक चेहरा तयार होतो. गंमत अशी, की तो बऱ्याचदा लेखकाने दिलेलाच नसतो. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ सालची. त्यातला डार्सी उंच आहे, देखणा आहे, आणि एलिझाबेथचे डोळे सुंदर आहेत. यापलीकडे लेखिका फारसं काही सांगत नाही. बाकीचं सगळं आपण भरतो. १९९५ साली बीबीसीने तिची सहा भागांची मालिका केली, कॉलिन फर्थ डार्सी झाला आणि जगभरच्या वाचकांच्या डोक्यातले हजारो डार्सी पुसले जाऊन एकच उरला. त्या मालिकेत डार्सी तळ्यात सूर मारतो आणि ओल्या शर्टानिशी एलिझाबेथच्या समोर येतो. मालिकेतला सगळ्यात गाजलेला प्रसंग हाच, आणि तो पुस्तकात नाही! पुढे २०१३ साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या तळ्यात डार्सीचा भलामोठा पुतळाही उभा केला. जे ऑस्टिनने लिहिलंच नाही, त्याचा पुतळा!

आपल्याकडेही तसंच. चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हटला की एका अख्ख्या पिढीला दिलीप प्रभावळकर दिसतात आणि गुंड्याभाऊ म्हटलं की बाळ कर्वे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर ती मालिका आली. मी तेव्हा जन्मालाही आलो नव्हतो, पण चिमणराव मला तसाच दिसतो, कारण घरात सगळ्यांना तो तसाच दिसतो.

यात नुकसान आहे का? आहे. 'स्वामी अँड फ्रेंड्स' मी शेवटी वाचली. १९३५ सालचं छोटंसं पुस्तक. तिच्या शेवटी राजम गाव सोडून चाललाय, गाडी सुटतेय, रुसलेल्या राजमला देण्यासाठी स्वामीने एक पुस्तक आणलंय. गाडी गेल्यावर स्वामी मणीला विचारतो, तो मला पत्र लिहील का? मणी म्हणतो, लिहील. आणि मग स्वामी मणीच्या चेहऱ्याकडे बघत राहतो, पण तो खरं बोलतोय की खोटं, हे त्याला कळत नाही. आपल्यालाही कळत नाही. पुस्तक संपतं.

मी हे मेसच्या जिन्यात बसून वाचलं आणि पाच मिनिटं उठलो नाही. आता विचार करा, हे पडद्यावर कसं दाखवणार? कॅमेऱ्याला मणीचा चेहरा दाखवावाच लागतो. आणि चेहरा दिसला की आपण तो वाचायला लागतो. पुस्तकात 'कळत नाही' एवढं लिहिलं की काम झालं. पडद्यावर न कळणारा चेहरा एका पोराकडून करून घ्यायचा, म्हणजे काय खायचं काम आहे? म्हणून "पुस्तकच भारी" हे इथे मी छातीठोकपणे म्हणतो. पण आता मला पान माहीत आहे!

आणि तरीही, त्याच मालिकेतल्या मास्टर मंजुनाथने माझा स्वामी बिघडवला असं मी म्हणणार नाही. कर्नाटकातल्या आगुंब्याचा तो पाऊस, गिरीश कर्नाडांचा कडक बाप, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं... शंकर नाग यांनी १९८६ मध्ये हे सगळं असं जुळवून आणलं, की दक्षिणेतल्या एका काल्पनिक गावातली पोरं हिंदीत बोलतात, हे कुणाला खटकतच नाही. इंग्रजीत लिहिलेली, मनात तमिळ असलेली, पडद्यावर हिंदी झालेली आणि आमच्या रूमवर मराठी पोरांनी पाहिलेली गोष्ट! मूळ मूळ म्हणून आपण जे धरून बसतो, ते नेमकं कुठे असतं, असा प्रश्न पडतो.

आता दुसरी तक्रार, कापाकापीची. इथे आपले लोक गणितच विसरतात. चारशे पानं वाचायला दहा-बारा तास लागतात. पिक्चर अडीच तासांचा. काहीतरी उडणारच. म्हणून खरं तर जाड कादंबरीला पिक्चरपेक्षा मालिका मानवते. गॅब्रिएल गार्सिया मार्केझने 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'वर पिक्चर काढायचे हक्क जिवंत असेपर्यंत कुणाला दिले नाहीत. तो २०१४ साली गेला. नंतर त्याच्या मुलांनी हक्क दिले ते मालिकेसाठी, आणि तेही स्पॅनिशमध्ये आणि कोलंबियात चित्रीकरण करायचं या बोलीवर. पहिले आठ भाग डिसेंबर २०२४ मध्ये आले. पोरांनी बापाचा शब्द मोडला की पाळला, यावर तुम्ही वाद घाला. मला एवढंच दिसतं, की निदान त्यांनी लांबी आणि भाषा या दोन गोष्टी सोडल्या नाहीत.

उलटा रोग म्हणजे वाढवणे. याचं आदर्श उदाहरण 'चंद्रकांता'. देवकीनंदन खत्रींची ही कादंबरी १८८८ सालची. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असं सांगतात. नौगढचा राजकुमार, विजयगढची राजकुमारी, वेषांतर करणारे ऐयार आणि तिलिस्म. १९९४ साली दूरदर्शनवर मालिका आली आणि रविवार सकाळी रस्ते ओस पडायला लागले. माझ्या मामाला अजून कथा धड सांगता येत नाही, पण क्रूरसिंगच्या त्या भुवया आणि "यक्कू!" विचारा, करून दाखवेल. पुस्तक वाचल्यावर मी त्याला म्हणालो, "मामा, यातलं निम्मंअधिक पुस्तकात नाहीच." मामा म्हणाला, "मग पुस्तकात राहिलं काय?"

हसू नका, मामाचा प्रश्न बरोबर आहे. खत्रींची करामत कोड्यांमध्ये आहे. कोण कुणाच्या वेषात आहे, तिलिस्मचं दार कसं उघडायचं, हे वाचकाने डोकं चालवून ओळखायचं असतं. मालिकेने कोडी काढून कपडे, दागिने आणि जादू घातली. ती धमाल होती, नाकारत नाही. पण ती 'चंद्रकांता' नव्हती, नाव तेवढं सारखं होतं.

इथे मला आमच्या मशीन ड्रॉइंगची आठवण येते. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला टॉलरन्स दिलेला असतो. काही मापं इकडेतिकडे झाली तरी चालतात. पण बेअरिंग जिथे बसणार ते माप चुकलं, की जॉब स्क्रॅप! कादंबरीचंही तसंच असावं. गावाचं नाव, भाषा, चार प्रसंग, दोन पात्रं यांना टॉलरन्स आहे. पण जिच्यावर सगळं फिरतं, अशी एखादी गोष्ट असते, ती हलवायची नाही. 'चंद्रकांता'त ती म्हणजे कोडं. 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये ती म्हणजे मणीचा तो न कळणारा चेहरा. प्रेक्षक म्हणून आपलं काम एवढंच, की ते माप कुठलं हे ओळखायचं आणि तेवढंच तपासायचं. आपण मात्र नायिकेच्या साडीच्या रंगावरून जॉब रिजेक्ट करतो!

तिसरी तक्रार लेखकाच्या मनाची. याचा सगळ्यात मोठा साक्षीदार पुन्हा नारायणच. त्यांच्या 'द गाइड'वर (१९५८) विजय आनंद यांनी १९६५ साली हिंदी पिक्चर काढला. टीव्हीचा विषय नाही, पण मुद्दा तोच. मालगुडीची गोष्ट राजस्थानात गेली, आणि कादंबरीच्या शेवटी पाऊस खरंच आला की उपाशी राजूला तसा भास झाला, हे नारायण सांगत नाहीत, तिथे पिक्चरमध्ये धो धो पाऊस पडला. नारायण नाराज झाले आणि त्यावर त्यांनी लेखही लिहिला. त्यांचं बरोबर होतं. कादंबरीचं बेअरिंग तो न सांगितलेला पाऊसच आहे. पण लोकांना तो पिक्चर आवडला, आजही आवडतो, आणि मलाही आवडतो. मग लेखकाचं मत शेवटचं का? माझं मत असं, की पुस्तकापुरतं ते शेवटचं. पिक्चर बरा की वाईट, हे ठरवायला लेखक हा आणखी एक प्रेक्षक. फक्त त्याने पुस्तक नक्की वाचलेलं असतं, एवढाच फरक!

इथवर सगळं चहाच्या टपरीवरचं भांडण आहे. पण एकदा हेच भांडण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, आणि ते वाचल्यावर माझी थट्टा थोडी कमी झाली.

भीष्म साहनींची 'तमस' ही फाळणीआधीच्या दंगलीची कादंबरी. साहनींनी रावळपिंडीतली १९४७ ची दंगल स्वतः पाहिली होती. पण कादंबरी लिहिण्याचं निमित्त ठरलं ते आपलं भिवंडी. १९७० च्या दंगलीनंतर ते तिथे गेले आणि त्या उजाड गल्ल्या पाहून त्यांना रावळपिंडी आठवली. कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोक वाचत होते. मग जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींची मालिका दूरदर्शनवर आली, आणि ती थांबवा म्हणून लोक कोर्टात गेले. याने दंगे होतील, मनं बिघडतील, असं त्यांचं म्हणणं.

मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी काय केलं? आधी मालिका पाहिली! अख्खी. आणि मग दाखवायला परवानगी दिली. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बंदीची मागणी फेटाळली. तिथे कोर्टाने एक जुनी कसोटी वापरली. ती आपल्या नागपूरच्या हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी चाळीसच्या दशकात घालून दिली होती. थोडक्यात अशी, की एखाद्या लिखाणाचा परिणाम मोजायचा तो समंजस आणि खंबीर मनाच्या माणसावरून मोजायचा, कमकुवत आणि डळमळीत मनाच्या माणसावरून नाही.

हे वाचून मला दोन गोष्टी वाटल्या. पहिली, की न्यायमूर्तींनी जे केलं ते मी त्या रात्री रूमवर केलं नव्हतं. मत देण्याआधी त्यांनी पूर्ण पाहिलं होतं. आणि दुसरी, की कादंबरी इतकी वर्षं दुकानात होती, पण कोर्टाची पायरी चढायची वेळ आली ती टीव्हीवर आल्यावरच. म्हणजे ज्याला आपण नाक मुरडून 'नुसती मालिका' म्हणतो, ती पुस्तकाला पोचता येत नाही तिथे पोचते. घराघरात, न वाचणाऱ्यांच्या पुढ्यात. मालिकेने कादंबरीत बदलही केला. कादंबरीत डुक्कर मारणारा नत्थू सुरुवातीनंतर बराच काळ बाजूला पडतो. मालिका त्याला आणि त्याच्या बायकोला सोडत नाही. ओम पुरींचा तो घाबरलेला चेहरा आपल्याबरोबर शेवटपर्यंत चालतो. मला हा बदल पटला. ज्याच्या हातून पाप करवून घेतलं, त्यालाच विसरायचं नाही, हे कादंबरीच्याच मनातलं आहे. बेअरिंगचं माप बरोबर बसलं.

आणि आता आजी.

माझी आजी चौथी शिकलेली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रणजित देसाईंची 'स्वामी' मालिका आली, गजानन जागीरदारांनी केलेली. आमच्या आळीत तेव्हा एकच टीव्ही. आजी भाकरी थापून, हात धुऊन, त्या ओसरीवर जाऊन बसायची. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमा. आठवड्याला एक भाग. मधले दिवस विहिरीवर चर्चा. कादंबरी १९६२ ची, पण आजीने ती कधी हातात धरली नव्हती. आमच्या हिशोबाने ती 'नुसती प्रेक्षक'.

या सुट्टीत मी तिला पुस्तक वाचून दाखवलं. मोतीबिंदूमुळे तिला बारीक अक्षर दिसत नाही. रोज दुपारी वीस-पंचवीस पानं. मी मध्येच हुशारी केली, "आजी, यातलं सगळं खरं नाही हं, बरेचसे संवाद देसाईंनी मनाने लिहिलेत. म्हणजे पुस्तकसुद्धा इतिहासाची मालिकाच की!"

आजी म्हणाली, "अरे, नवराबायको खोलीत काय बोलले ते कोण लिहून ठेवतंय? कुणीतरी मनाने लिहायचंच. नीट लिहिलंय ना, झालं तर."

थेऊरचं प्रकरण जवळ आलं तसा तिने मला वेग कमी करायला लावला. माधवराव १७७२ साली थेऊरला गेले, रमाबाई सती गेल्या, हे तिला पाठ होतं. तरी म्हणायची, "आज एवढंच पुरे. उद्या वाच." मी विचारलं, "का गं? माहितीय ना तुला पुढचं?" तर म्हणाली, "म्हणूनच. तेव्हा टीव्हीवर आठवडाभर थांबायला लागायचं, तेवढे दिवस तरी जगायचा बिचारा."

पुस्तक संपल्यावर मी तिला माझा ठरलेला प्रश्न विचारला, "मालिका बरी की पुस्तक?" तिने बराच वेळ विचार केला. (मी रूमवर दोन सेकंदही केला नव्हता.) म्हणाली, "पुस्तकात जास्त कळलं. पण तू वाचत होतास तेव्हा मला ती मुलगीच दिसत होती, टीव्हीतली. ती नसती तर मला कोण दिसलं असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तर सांगायचा मुद्दा असा. मालिका बघून पुस्तकाकडे जाण्यात लाज नाही, आणि पुस्तक न वाचता मालिका आवडण्यातही नाही. लाज आहे ती न वाचता वाचल्याचा आव आणण्यात. आणि दुसरी एक, जी मी आपल्या सगळ्यांबद्दल म्हणतो. आठ भाग एका रात्रीत, दीडपट स्पीडने, रील्स बघत बघत संपवायचे, आणि सकाळी "बोअर आहे, पुस्तकच भारी" म्हणायचं. आजी एका भागावर सात दिवस बोलायची. आपण सात तासांच्या मालिकेवर एक वाक्य बोलतो, तेही उसनं!

म्हणून माझी एक सूचना. यापुढे कुणी "पुस्तकच भारी होतं" म्हणालं, की त्याला आमच्या नांदेडकरासारखं शांतपणे विचारा, "कुठलं पान?" सांगता आलं तर चहा आपला. नाही आलं तर चहा त्याचा.

आपल्या लायब्ररीत शेवटच्या रांगेत, थर्मोडायनॅमिक्सच्या मागे, एक कुलूपबंद कपाट आहे. त्यात कादंबऱ्या आहेत. किल्ली काउंटरवर मागितली की मिळते, फक्त मागणारा भेटत नाही म्हणून काका आधी चेहरा निरखून बघतात! 'स्वामी अँड फ्रेंड्स' सध्या माझ्या रूम पार्टनरकडे आहे, पुढचा नंबर लावून ठेवा. त्याने परवा शेवटचं पान वाचलं. त्याच्या मते मणी खोटं बोलतो. माझ्या मते त्याला खरंच वाटत असतं, की राजम पत्र लिहील. भांडण अजून मिटलेलं नाही.

— टी. ई. मेकॅनिकल